पाऊस ओलीच्या खात्यावर जमा करू नका

तळी खोदली, बांध घातले, झाडं लावली की त्या टापूत पाऊस वाढतो, हे विधान इतक्यांदा कानावर पडतं की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. प्रकल्पाच्या प्रस्तावात ते असतं, उद्घाटनाच्या भाषणात असतं, शाळकरी निबंधात तर असतंच. तर्क सरळ आहे: जमीन ओली म्हणून वाफ जास्त, वाफ जास्त म्हणून ढग, ढग म्हणून पाऊस. यातली प्रत्येक कडी सुटी घेतली तर खरी आहे. साखळी म्हणून ओढून पाहिली की ती बऱ्याच ठिकाणी तुटते. एखाद्या दुपारी तर ती चक्क उलटी चालते: कोरड्या पट्ट्यावर सर कोसळते आणि शेजारची ओली जमीन नुसती बघत राहते.

मातीतल्या ओलीचा पावसाशी संबंध नाही, असं इथे म्हणायचं नाही. संबंध पक्का आहे. मात्र त्याची दिशा जागा, ऋतू आणि क्षेत्राचा आकार यांवर ठरते. म्हणून मागण्या दोन. मातीतला ओलावा तापमान आणि वायुदाबाइतक्याच शिस्तीने मोजला जावा आणि अंदाजात वापरला जावा. आणि पाणी अडवण्याच्या कामाला पाऊस वाढवण्याचं आमिष चिकटवणं थांबावं.

सगळा खेळ दुपारच्या उन्हाच्या वाटणीचा आहे. निरभ्र आकाशात बाराच्या सुमारास जमिनीच्या हाती दर चौरस मीटरला साधारण ५०० वॉट निव्वळ ऊर्जा येते. तिला तीन वाटा आहेत: पाण्याची वाफ करणं, हवा तापवणं आणि मातीत खाली झिरपणं. भरपूर ओल असलेल्या पिकाच्या रानात यातले साडेतीनशे वॉट वाफेला जातात, शंभरेक हवेला, उरलेले मातीला. तेच रान वाळलं की वाफेचा वाटा शंभराच्या खाली येतो आणि हवेच्या वाट्याला तीनशेहून अधिक वॉट पडतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४.५ लाख ज्यूल लागतात. म्हणजे दिवसात ५ मिलिमीटर बाष्पीभवन झालं, तर चोवीस तासांच्या सरासरीने दर चौरस मीटरला १४० वॉट वाफेत दडून वर गेले. ती उष्णता नाहीशी होत नाही. वर ढग बनताना ती पुन्हा बाहेर पडते आणि ढगाला फुगवते.

ही वाटणी ओलीच्या प्रमाणात सरळ रेषेत बदलत नाही, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. माती पाणी धरू शकते त्याची वरची मर्यादा आणि पीक कोमेजतं ती खालची मर्यादा, यांच्या मधलं पाणी मुळांच्या कामाचं. एक मीटर खोल भारी मातीत ते दीडशे मिलिमीटरच्या आसपास असतं, रेताड मातीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. या साठ्यातला निम्म्याहून जास्त भाग शिल्लक असेपर्यंत बाष्पीभवन उन्हावर आणि वाऱ्यावर ठरतं. ओल आणखी वाढवली तरी वाफ वाढत नाही. साठा पार आटला की वाफ इतकी थोडी निघते, की तिच्या चढउताराने आकाशाला फरक पडत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र ओल थोडी कमीजास्त झाली, तरी उन्हाची वाटणी हलते. सतत भिजलेल्या जंगलात आणि कायमच्या वाळवंटात म्हणूनच मातीच्या ओलीला फारसा आवाज नाही. आवाज आहे तो यांच्यामधल्या, कधी ओल्या कधी सुक्या प्रदेशांना. रँडल कोस्टर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हवामानाची बारा जागतिक संगणकी मॉडेलं एकाच प्रयोगाला बसवली, तेव्हा मातीचा पावसावर ठळक प्रभाव असलेले प्रदेश निघाले ते असेच: उत्तर अमेरिकेची मधली मैदानं, आफ्रिकेतला साहेल (सहाराच्या दक्षिणेचा निमकोरडा पट्टा), उत्तर भारत. उरलेल्या बऱ्याच जगात उन्हाळ्याच्या पावसावर मातीची पकड सैलच दिसली.

आता हवेकडे. दुपारच्या ढगाचा तळ किती उंचीवर लागेल याचा ढोबळ हिशेब पाठ ठेवण्याजोगा आहे: हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांच्यातल्या दर एका अंशाला १२५ मीटर. ओल्या रानावर तापमान ३२ आणि दवबिंदू २२ असेल, तर फरक १० अंश, ढगाचा तळ १,२५० मीटरवर. वाळलेल्या रानावर ३७ आणि १६, फरक २१, तळ २,६०० मीटरच्या पुढे. इथवर ओल्या जमिनीची सरशी आहे. पण हवेला तिथवर पोचवणार कोण? जमिनीलगतची घुसळण होणारी थर-हवा जेवढी तापते तेवढी उंच चढते. ओल्या रानावर ती एखाद्या किलोमीटरवर थबकू शकते. कोरड्यावर ती अडीच-तीन किलोमीटरपर्यंत मजल मारते. म्हणजे ओली जमीन ढगाचा उंबरठा खाली आणते, पण हवेच्या पायातलं बळही काढून घेते. कोरडी जमीन उंबरठा वर नेते आणि पायात बळ घालते. ढग होणार की नाही, हे या शर्यतीत ठरतं. आणि शर्यतीचा निकाल बहुतेक वेळा पहाटेच वरच्या हवेत लिहिलेला असतो.

वरची हवा मोजायला पहाटे सोडलेल्या फुग्याची नोंद यासाठी कशी वाचायची, हे कर्स्टन फिंडेल आणि एल्फातिह एल्ताहिर यांनी २००३ मध्ये मांडलं. त्यांना दोन आकडे लागतात. पहिला, जमिनीच्या वर साधारण एक ते तीन किलोमीटरच्या पट्ट्यात हवा उचलली गेल्यास पुढे आपोआप चढेल का, याचं माप. दुसरा आकडा आर्द्रतेच्या तुटीचा: जिथे वायुदाब जमिनीवरच्यापेक्षा ५० आणि १५० हेक्टोपास्कलने (दाबाचं एकक) कमी असतो, अशा वरच्या दोन ठिकाणी तापमान वजा दवबिंदू काढायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. ही बेरीज १५ अंशांपेक्षा जास्त आली तर हवा इतकी कोरडी, की खाली ओल असो वा नसो, मोठा पाऊस होणं कठीण. ५ अंशांपेक्षा कमी आली तर हवा आधीच इतकी दमट, की मातीला कुणी विचारत नाही. मधल्या पट्ट्यात, ५ ते १० च्या सुमारास, ओल्या जमिनीला झुकतं माप मिळतं. १० ते १५ मध्ये, वरची हवा पुरेशी अस्थिर असेल तर, कोरडी जमीन बाजी मारते. हे उंबरठे अमेरिकेतल्या इलिनॉयच्या नोंदींवर बसवलेले आहेत, दुसरीकडे उचलून लावताना ते नव्याने तपासावे लागतात. पण मुद्दा टिकतो: तीच ओली माती एका दिवशी पावसाला हात देते आणि दुसऱ्या दिवशी आडवी येते. ‘ओल वाढवली की पाऊस वाढतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की कोणत्या पहाटेच्या हवेत?

कागदावरचं हे गणित प्रत्यक्षात उतरतं का? साहेलमध्ये ते जवळून पाहता येतं, कारण तिथे आदल्या दिवशीच्या वादळाने भिजवलेला पट्टा आणि त्याच्या शेजारचा कोरडा पट्टा उपग्रहातून स्पष्ट दिसतो. दुपारी कोरड्या बाजूची हवा तापून वर उठते आणि ओल्या बाजूची गार, दमट हवा तिच्या जागी सरकते. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्याचंच हे छोटं रूप, फक्त समुद्राच्या जागी भिजलेली माती. ख्रिस्तोफर टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की १० ते ४० किलोमीटर आकाराच्या अशा ओल्या-कोरड्या ठिगळांच्या सीमेवर वादळं उगवण्याचं प्रमाण वाढतं. ओली बाजू वाफ पुरवते, कोरडी बाजू उठाव देते, आणि सर पडते ती बहुधा कोरड्या अंगाला. पुढच्याच वर्षी त्यांनी हा शोध जगभर नेला. दुपारचा पाऊस आजूबाजूपेक्षा कोरड्या मातीवर पडण्याकडे कल असल्याचं त्यांना दिसलं, विशेषतः निमकोरड्या प्रदेशांत.

याचा अर्थ कोरडेपणा पावसाला बोलावतो, असा काढणारेही निघाले. तेही चुकीचं. २०१५ मध्ये याच प्रकारच्या नोंदी दोन वेगळ्या प्रश्नांनी तपासल्या गेल्या: पाऊस कोणत्या दिवशी पडतो, आणि कोणत्या जागी पडतो? उत्तरं परस्परविरोधी वाटावीत अशी होती आणि तरी दोन्ही खरी होती. बऱ्याच भागांत पावसाची शक्यता जास्त असते ती एकूण परिसर नेहमीपेक्षा ओला असलेल्या दिवशी, पण त्या परिसरात सर नेमकी पडते ती त्यातल्या त्यात कोरड्या ठिगळावर. पाऊस कोणत्या दिवशी, हे परिसराची ओल ठरवते; कोणत्या जागी, हे ओलीतला फरक. अनेक वर्षं तज्ज्ञ एकमेकांशी भांडत होते, त्यातलं निम्मं भांडण हे दोन प्रश्न एक समजल्यामुळे होतं.

मॉडेलांची गोष्ट याहून बोचरी आहे. टेलर यांच्या त्या जागतिक तुलनेत सहा जागतिक मॉडेलं निरीक्षणांच्या उलट बोलली: ओल्या मातीवर पाऊस जास्त. मॉडेल जमीन आणि हवा चौकोनांच्या जाळीत वाटून हिशेब करतं. जाळीचा एक चौकोन शंभर-दोनशे किलोमीटरचा असेल, तर त्यात दहा किलोमीटरचा ढग मावतो, पण दिसत नाही. मग ढगाचं वागणं सूत्राने भरावं लागतं, आणि ती सूत्रं खालून वाफ मिळाली की लगेच, बऱ्याचदा भर दुपारीच, पाऊस पाडून मोकळी होतात. खऱ्या वळवाला आकाश भरून यायला संध्याकाळ होते. कॅथी होहेनेगर यांच्या गटाने २००९ मध्ये आल्प्सच्या परिसरावर हेच दाखवलं. २५ किलोमीटरच्या जाळीत, सूत्राने भरलेल्या ढगांसह, ओल्या मातीने पाऊस वाढला. २.२ किलोमीटरच्या जाळीत ढग स्वतः उमटू दिले, तेव्हा परिणामाची दिशाच उलटली. म्हणून ‘मॉडेलने सिद्ध केलंय’ असं म्हणत कुणी पाऊसवाढीचे टक्के पुढे केले, तर जाळी किती किलोमीटरची होती, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

आता तळ्याचा हिशेब मांडू, कारण घोषणांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. एक हेक्टरचं तळं, दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन: रोज ५० हजार लिटर. ऐकायला मोठं. पावसाळी हवेत जमिनीपासून वरपर्यंतच्या स्तंभात ५० मिलिमीटर पाण्याइतकी वाफ सहज असते, म्हणजे त्या हेक्टरवर कोणत्याही क्षणी ५ लाख लिटर. वारा सेकंदाला ५ मीटर धरला, तर हवेचा स्तंभ १०० मीटर रुंद तळं २० सेकंदांत ओलांडतो. तेवढ्या वेळात तळं त्यात भर घालतं ती सुमारे ०.००१ मिलिमीटरची. पन्नासात एक सहस्रांश. आणि ती वाफ तळ्यावर थांबत नाही. ढगात पोचेपर्यंत ती पन्नास-शंभर किलोमीटर दूर गेलेली असते. गावच्या तळ्यातून गावावर पाऊस, हा बादरायण संबंध इथेच संपतो. शेतं मिळून शंभर किलोमीटर सलग ओली असतील, तर तोच वारा साडेपाच तासांत एक ते अडीच मिलिमीटर घेऊन निघतो. हजार किलोमीटर असतील, तर सव्वादोन दिवसांत दहा-अकरा. तिथे मात्र हिशेब गंभीर होतो.

जमिनीवरच्या पावसातला सुमारे ४० टक्के वाटा जमिनीवरच्याच बाष्पीभवनातून येतो, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला, तो या खंडाएवढ्या मापाने. अॅमेझॉनच्या खोऱ्यात तर एनेआस सालाती यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस पावसातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) दाखवलं, की तिथलं पाणी पुन्हापुन्हा फिरतं. समुद्रापासून आत जाताना प्रत्येक पावसागणिक जड ऑक्सिजन गळून पडायला हवा, पण तिथे तो अपेक्षेइतका घटत नव्हता. झाडं मुळांतून ओढलेलं पाणी जवळपास त्याच मिश्रणात हवेत परत सोडत होती. जंगल राखण्याच्या बाजूने हा भक्कम युक्तिवाद आहे, पण तो लाखो चौरस किलोमीटरचा आहे. टेकडीवर लावलेल्या पाचशे रोपांच्या समर्थनाला तो वापरणं म्हणजे समुद्राच्या भरतीचा दाखला देऊन बादली विकणं.

मोठ्या क्षेत्रावरही दिशा ठरलेली नाही. अमेरिकेच्या मधल्या मैदानांत विसाव्या शतकात सिंचन वाढलं, त्यानंतर वारा वाहत जातो त्या बाजूला जुलैचा पाऊस वाढल्याच्या नोंदी आहेत. वाढला तो पाणी दिलेल्या शेतांपासून शेकडो किलोमीटर दूर. उलट मोसमी वाऱ्यांच्या प्रदेशात, पावसाळ्याआधी विस्तीर्ण क्षेत्र भिजवलं की जमीन गार राहते, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो, आणि वाऱ्यांना खेचणारी ताकद कमी होऊ शकते. काही मॉडेल-अभ्यासांत मोसमी पाऊस अशा सिंचनाने कमजोर होताना दिसतो. वाफ वाढली, पाऊस घटला. दुसऱ्या टोकाला २००७च्या ऑगस्टमधलं ‘एरिन’ वादळ आहे: किनारा सोडून शेकडो किलोमीटर आत आल्यावर ते विझायला हवं होतं. आधीच्या महिन्यांच्या पावसाने भिजलेल्या ओक्लाहोमावर ते पुन्हा बळावलं. चिंब जमिनीने थोडा वेळ समुद्राचं सोंग घेतलं, इतकंच.

या विषयात आश्वासनं किती महाग पडतात, याचा जुना दाखलाही त्याच मैदानांतला आहे. १८७० आणि १८८०च्या दशकांत ‘नांगरामागून पाऊस येतो’ ही घोषणा तिथे गाजली. १८८१ मध्ये चार्ल्स डाना विल्बर यांनी ती रूढ केली. जमीन नांगरली की ती पाणी पिते, मग हळूहळू हवेत सोडते आणि हवामान बदलतं, असं सांगून कोरड्या मुलखात वस्ती वसवली गेली. त्या वर्षांत पाऊस चांगला झाला होता, तेवढाच पुरावा. काकतालीय न्याय. १८९०च्या दशकात दुष्काळ आला आणि लोक घरं टाकून परतले.

‘घोषणा अर्धवट असेल, पण त्या निमित्ताने पाणी तर अडतं,’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्यात दोन खोट आहेत. पहिली, पाऊस वाढण्याच्या आशेवर झालेलं काम पहिल्या अवर्षणात बदनाम होतं. बांधाने पाण्याची धाव रोखली, माती धरली, विहिरीला पाणी टिकवलं, याचं श्रेय मग कुणी देत नाही. दुसरी खोट हिशेबाची आहे. पाणी वापरणाऱ्यासाठी तळ्याचं बाष्पीभवन हा तोटा आहे: दिवसाला ५ मिलिमीटर म्हणजे दीडशे दिवसांत पाऊण मीटर खोलीचं पाणी उडालं. पाऊसवाढीच्या गोष्टीत तोच तोटा नफा होतो. एकाच पाण्याची दोन खात्यांवर जमा दाखवता येत नाही. आणि ही चूक आराखड्यात उतरते: उथळ, पसरट, उघडी तळी ‘परिसरात गारवा’ म्हणून मिरवली जातात, खोल आणि अरुंद साठा, किंवा पाणी मातीतच मुरवून पिकाच्या सावलीत ठेवणं मागे पडतं.

मग ओलीचा खरा उपयोग कुठे? अंदाजात. हवा दोन आठवड्यांत स्वतःची सुरुवात विसरते. मुळांच्या खोलीवरची ओल मात्र आठवडे, कधी दोन महिने आठवण धरून असते. दोन ते सहा आठवड्यांपुढचा अंदाज करताना जमिनीकडचे हातात घेण्याजोगे धागे मोजकेच असतात, त्यातला हा एक. पण त्यासाठी ती नीट मोजायला हवी, आणि मोजणी दिसते तितकी सोपी नाही.

मूळ पद्धत वजनाची. १०० घन सेंटिमीटरच्या धातूच्या कड्यात माती न दाबता कापून घ्यायची, तोलायची, १०५ अंशांवर २४ तास भट्टीत ठेवायची, पुन्हा तोलायची. १६८ ग्रॅमची १४० झाली, तर २८ ग्रॅम पाणी. वजनाच्या हिशेबाने ओलावा २० टक्के, आकारमानाच्या हिशेबाने २८ टक्के. दोन्ही आकडे बरोबर, पण कोणता लिहिलाय हे न सांगता तक्ते एकत्र केले की सगळा संच नासतो. नोंदींमध्ये ही चूक नको तितकी सापडते. रोजच्या नोंदीसाठी विद्युत संवेदक लागतात. विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो हे सांगणारा विद्युत-अपार्यता स्थिरांक पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. या फरकावर ते चालतात. म्हणूनच संवेदकाच्या दांड्याशेजारी मातीची भेग पडली, की ओलावा आहे त्याहून कमी दिसतो. पाऊस त्या भेगेत शिरला की अचानक जास्त. मातीत क्षार असले तर आकडा फुगतो. खड्डा खोदून, न हललेल्या भिंतीत ५, १०, २० आणि ५० सेंटिमीटरवर दांडे आडवे खुपसावे. तार संवेदकाच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, नाहीतर पाणी तारेवरून ओघळून थेट दांड्याशी येतं. माती ज्या थराची त्याच थरात परत भरावी. प्रत्येक मातीसाठी वजनाच्या पद्धतीशी ताळा घ्यावा. भारी चिकणमातीत कारखान्याचं ठरीव सूत्र हमखास चुकतं.

उपग्रह हे काम भरून काढतील, ही समजूतही सावधपणे घ्यावी. २००९ मध्ये सोडलेला ‘स्मॉस’ आणि २०१५ मधला ‘स्मॅप’ सुमारे १.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर मातीची ओल पाहतात. ते जवळपास वरचेच ५ सेंटिमीटर, आणि एका नजरेत चाळीसेक किलोमीटरचा तुकडा धरून. ‘स्मॅप’वरचं रडार बारीक तपशील देणार होतं, ते २०१५च्या जुलैतच बंद पडलं. दाट झाडीखाली दोघांनाही फारसं दिसत नाही. सर पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी वरचे ५ सेंटिमीटर ओलेच दिसतात, मग खाली अर्ध्या मीटरवर माती कितीही सुकलेली असो. दुपारची वाफ पिकाच्या मुळांतून येते, त्या अर्ध्या मीटरमधून. खालच्या मोजणीशिवाय वरचं चित्र फसवतं.

म्हणून अंदाजाच्या पत्रकात ओलीचा आकडा यावा तो मुळांच्या साठ्याच्या टक्क्यांत, खोली सांगून, आणि तो टापू उन्हाची वाटणी बदलणाऱ्या मधल्या पट्ट्यात आहे की नाही, हे स्पष्ट करून. टापू त्या पट्ट्यात असेल, तर पहाटेच्या फुग्याची आर्द्रतेची तूटही शेजारी छापावी. दुपारच्या सरीबद्दल ओल काय सांगते आणि कुठे गप्प बसते, हे त्या दोन आकड्यांवरून शेतावरच्या माणसालाही ताडता येईल. पाणी अडवण्याच्या प्रस्तावात मात्र पाऊस हा रकाना असूच नये. तिथे अडवलेलं, मुरलेलं आणि उडालेलं पाणी, असे तीन रकाने पुरतात.